देमोस सर

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता, डोकमर्डी या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा भरली. सभासद अठ्ठेचाळीस, हजर एकेचाळीस. रक्कम एकच ठरायची होती: माणशी एका ओळखपत्राची अनामत पन्नास रुपये, पास परत केला की परत. मी खजिनदार म्हणून टेबलापाशी होतो, सेक्रेटरी पाठक माझ्या उजव्या हाताला. आणि सभासद नसलेले एक गृहस्थ शेवटच्या रांगेत, खुर्ची भिंतीला टेकवून बसले होते. इतिवृत्तात त्यांचं नाव नाही, कारण सभासद नसलेल्याचं नाव लिहायची पद्धत नाही. ते भामरे सर. त्यांच्याविषयी कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

सर मूळचे सटाण्याकडचे. नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं. मुलगा निखिल इथल्या यार्न कंपनीत इंजिनिअर होता, त्याने दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतर सर व इंदूकाकू त्याच्याकडे राहायला आले. पुढे निखिलची बदली पुण्याला झाली. तो बायको-मुलांना घेऊन गेला, आईवडील इथेच राहिले. फ्लॅट निखिलच्या नावावर, त्यामुळे सभासद निखिल. सर नुसते राहणारे.

उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम खडूचा एक तुकडा. निवृत्त झाल्यावर खडू कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तोंडात कवळी आली म्हणून कोणी जीभ काढून ठेवत नाही, खजिनदार." मला ते नावाने कधी हाक मारत नसत. सकाळी जिन्यात भेटले की, "काय खजिनदार, शिल्लक किती?" मी खरंच आकडा सांगायचो, आणि ते खरंच ऐकून घ्यायचे.

नव्या माणसाला ते पहिला प्रश्न विचारत, "गाव कोणतं?" समोरचा म्हणे चोपडा, किंवा बलिया, किंवा वलसाड. लगेच दुसरा प्रश्न, "आणि आता?" तो गोंधळून म्हणे, "आता इथंच की." "मग दोन सांगायची," सर म्हणत. "एक सोडलेलं, एक धरलेलं."

त्यांना देमोस सर हे नाव पडलं ते भाड्याने राहणाऱ्या पोरांमुळे. सोसायटीतले नऊ फ्लॅट मालकांनी कंपनीतल्या कामगारांना दिले होते. एकेका फ्लॅटमध्ये सात-आठ जण, तिन्ही शिफ्टचे. बहुतेक धुळे-जळगावकडचे, काही उत्तरेचे. फाटकाबाहेर एक सिमेंटची मोरी आहे, तिच्या कठड्यावर त्यांचा अड्डा. ज्याची शिफ्ट नसेल तो तिथे, म्हणजे दिवसाच्या कुठल्याही वेळी तिथे कोणीतरी असेच. सर संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसत आणि कठड्यावर खडूने एक शब्द लिहीत. सुरुवातीला त्रिकोण. "हा त्यांचा द. शेताच्या तुकड्यासारखा दिसतो ना? त्याचा अर्थाशी काही संबंध नाही हं, पण लक्षात राहायला बरं."

शब्द देमोस. ग्रीक लोकांचा, 'लोक' या अर्थाचा. लोकशाहीला जगभर जे नाव आहे त्याचा पहिला अर्धा भाग.

"तुम्हाला ग्रीक येतं?" मी विचारलं होतं.

"भाषा येत नाही. एक शब्द येतो."

त्याची हकिगत त्यांनी मला सांगितली. दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर लिहीत: देमोस म्हणजे लोक, क्रातोस म्हणजे सत्ता. मुलं उतरवून घेत. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, लोक म्हणजे कोण कोण?" वर्ग हसला. सरही हसले. पण घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की याचं उत्तर आपल्याला येत नाही. मग कोश आले, पत्रव्यवहार झाला, दिवाळीच्या सुट्ट्या पुण्याच्या ग्रंथालयांत गेल्या. एका शब्दासाठी उरलेली सगळी नोकरी.

त्यांना जे सापडलं ते असं. हा शब्द मुळात लोकांचा नव्हताच. तो जमिनीचा होता. जाणकारांच्या मते तो बहुतेक 'वाटणे' या धातूवरून आला. देमोस म्हणजे वाटून आलेला जमिनीचा तुकडा. 'बहुतेक' हा शब्द सर कधी गाळत नसत. आपल्याकडे वाटणीत हिस्सा असणाऱ्याला दायाद म्हणतात, त्यातला दाय याचा लांबचा भाऊ आहे, असंही म्हणत, आणि वर पुस्ती जोडत, "असं ते म्हणतात, मी नाही." ग्रीसमधल्या फार जुन्या मातीच्या पाट्यांवर हा शब्द सापडतो, तिथे तो शेतं वाटून देणाऱ्या गावाचा असतो. मग हळूहळू त्या तुकड्यावर जे राहतात, त्यांनाही तेच नाव पडलं.

"आधी जमीन, मग माणसं," सर म्हणत. "आपण नाही का म्हणत, गाव गोळा झालं? म्हणजे काय घरं चालत आली? अख्खं गाव जेवलं म्हणतो. विहीर जेवली का?"

भटू नावाचा एक मशिन ऑपरेटर होता, पारोळ्याकडचा, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "सर, मंग आमचं आठ जणांचं देमोस एका बाथरूमचं हाये. त्याचं कसं वाटप करता?"

"नंबर लावा."

"नंबर लावला तं फर्स्ट शिफ्ट चुकते ना!"

सर मनापासून हसले. त्यानंतर ती पोरं त्यांना देमोस सर म्हणू लागली. त्यातल्या एका बलियाच्या पोराला तो शब्द म्हणजे सरांचं आडनावच वाटायचं.

इंदूकाकूंचं हळूहळू सुरू झालं. आधी मीठ दोनदा, मग सकाळच्या आंघोळी दोन. मग एके दुपारी त्या पिशवी घेऊन निघाल्या, माहेरी जायला. माहेर सटाण्याजवळ, तिथे आता कोणी नाही. भाऊ अण्णा, तो वारून बरीच वर्षं झालेली. डॉक्टरांनी सरांना दोन गोष्टी सांगितल्या: हे बरं होणार नाही, आणि जागा बदलू नका, ओळखीचं आहे तेवढंच धरून त्या चालतील. निखिल पुण्याला चला म्हणत होता. सर गेले नाहीत ते यामुळे. सरांना डुलकी लागली की काकू पिशवी घेऊन खाली उतरत. जिना, पार्किंग, फाटक, मोरी. आणि मोरीवर भटू किंवा दुसरा कोणीतरी बसलेला असे.

मी स्वतः ऐकलेलं सांगतो. काकू म्हणाल्या, "अण्णा, चल, गाडी लागली असंल."

भटू जागचा उठला, पिशवी हातात घेतली. "गाडी चुकली, माय. आत्ताच गेली. उद्याची पकडू."

"उद्या नक्की?"

"नक्की. मी सोडतो ना तुम्हाले."

आणि त्यांना वर आणून सोडलं. हे रोज. भटू कामावर असला तर दुसरा कोणी अण्णा होई, आणि गाडी रोज चुके. सरांनी मला एकदा हळूच सांगितलं, "माझं म्हणणं तिला पटत नाही, खजिनदार. मी कोण, ते तिला दुपारनंतर आठवत नाही. त्या पोरांचं पटतं."

आता सभेकडे येतो. एकाच बाजूचं लिहिणं बरोबर नाही. त्या उन्हाळ्यात बोअर आटली होती, टँकर रोज दोन येत होते, आणि नऊ फ्लॅटमध्ये मिळून साठाच्या वर माणसं पाणी वापरत होती. एप्रिलमध्ये त्यातल्या दोघांची पार्किंगमध्ये मारामारी झाली, एका सभासदाच्या गाडीची काच फुटली. बायकांना मोरीवरून जायला संकोच वाटतो, अशी तक्रार होती. पाठक वाईट माणूस नाही. पुण्याचा, एका प्लास्टिकच्या कारखान्यात मॅनेजर, सरळ आणि घाईचा. त्याने ठराव मांडला: कुटुंब नसलेले भाडेकरू महिनाअखेर जागा सोडतील, एजन्सीचा वॉचमन येईल, आत राहणाऱ्या प्रत्येकाला फोटोचा पास मिळेल.

सरांनी बोलायची परवानगी मागितली. पाठक म्हणाला, "बोला ना सर, मताचा प्रश्न नाही, बोलायला काय."

सर उभे राहिले आणि शब्द सांगू लागले. मला तेव्हाच कळलं की हे जमणार नाही. लोक ऊन वाढायच्या आत घरी जायच्या घाईत होते. जमीन, तुकडा, त्यावर राहणारे, असं सर सांगत असताना पाठक मोबाइलमध्ये काही वाचत होता. मग त्याने मान वर केली.

"सर, एक विचारू? तुमच्या त्या अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहिलेल्यांना मत होतं का?"

"नव्हतं."

"कितीही वर्षं राहिले तरी?"

"पिढ्यान्‌पिढ्या राहिले तरी नव्हतं. त्यांची नोंद वेगळी. 'अमक्या गावात राहणारा', एवढीच. गावचा नाही."

"बायकांना?"

"नव्हतं."

"आणि गावचा माणूस दुसरीकडे राहायला गेला तर?"

"तरी तो जुन्याच गावचा. त्याची मुलंही. नावापुढे गाव लावत ते, आपल्या 'कर'सारखं. एकदा नागरिकांच्या याद्या झाल्यावर ते बदलत नसे."

"मग झालं तर," पाठक म्हणाला, आणि बरेच जण हसले. कोणी टाळीही वाजवली.

दुसरा कोणी असता तर यातलं अर्धं दाबून गेला असता. सरांना ते जमण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "मी अथेन्स नाही सांगत, शब्द सांगतो आहे. शब्द त्या याद्यांपेक्षा जुना आहे. आधी राहणं होतं. यादी झाली तसा शब्द आखडला."

"सर, पाण्याचं बोला," मागून आवाज आला.

तेव्हा सरांचा तोल गेला. आवाज चढला नाही, खाली आला. खुर्चीची पाठ धरून ते म्हणाले, "ठीक आहे. शब्द सोडा. माझी बायको रोज घरातून निघून जाते. ती पोरं तिला परत आणतात. ती गेली तर तिला कोण परत आणणार? मी तुमच्यापुढे हात जोडतो. दोन पोरं तरी ठेवा. एक ठेवा."

मग एक सभासद, आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले, "सर, दाराला बाहेरून कुलूप लावत जा ना."

सर म्हणाले, "एकदा लावलं होतं. तिने दारावर डोकं आपटून घेतलं."

हात मी मोजले. ठरावाच्या बाजूने बत्तीस, विरुद्ध नऊ. नवात माझा एक. सरांचा हात खुर्चीच्या पाठीवरच होता, तो वर करून उपयोग नव्हता.

पोरं महिनाअखेरीस गेली. बहुतेकांना जवळच्याच आमलीत खोल्या मिळाल्या. जाताना भटूने काकूंना नमस्कार केला, तर त्यांनी त्याला विचारलं, "गाडी मिळाली का रे तुला?"

पास आले. निळ्या दोरीचे, वर सोसायटीचं नाव, खाली फोटो, नाव, फ्लॅट नंबर. सर पाठककडे गेले आणि काकूंच्या पासवर स्वतःचा फोन नंबर छापायची विनंती केली. पाठक म्हणाला, छापखान्याचा नमुना ठरलेला आहे, एकासाठी बदलता येत नाही, मागे पेनने लिहा. सरांनी लिहिला. लॅमिनेशनवर बॉलपेनचं अक्षर टिकत नाही. पण तो पास त्यांनी काकूंच्या गळ्यात घातला आणि झोपतानाच काढायचा असा नेम केला. हरवलीच तर निदान कुणाला कळेल ही कुठली आहे, असा त्यांचा हिशोब. त्यात चूक कुठे होती ते आम्हाला कोणालाच दिसलं नाही.

जुलैतल्या एका दुपारी काकू खाली उतरल्या. नवा वॉचमन खुर्चीवर होता. त्याला एकच सांगितलेलं: ज्याच्या गळ्यात पास नाही त्याला अडवायचं. काकूंच्या गळ्यात पास होता. तो उठला, सलाम केला आणि फाटक उघडून धरलं. मोरीवर कोणी नव्हतं.

नंतर सगळे त्याच्यावर धावून गेले तेव्हा तो बिचारा एकच सांगत राहिला, "पास था, साहब. पास था इसीलिए छोड़ा."

सरांना जाग आली ती संध्याकाळी. आम्ही गाड्या काढल्या, बाजार पाहिला, पोलिसांत नोंद केली, बस स्टँड पाहिला. कोणाला विचारायचं हेच कळत नव्हतं. आम्ही इतकी वर्षं इथे राहतो, पण कंपनीचा रस्ता सोडून आम्हाला कोण ओळखतं? पाठक माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "मी छापायला हवा होता तो नंबर." सर मागच्या सीटवर. प्रत्येक पातळ दिसलं की, "थांबवा." मग, "चला."

दुसऱ्या दिवशी सर एकटेच आमलीत भटूच्या खोलीवर गेले. त्यानंतर जे झालं ते पोरांनी केलं. शिफ्ट संपवून आलेले न झोपता निघाले. ते आमच्यासारखे भटकले नाहीत. एकेका स्टँडवर जाऊन एकेका इकोवाल्याला, म्हणजे शेअर व्हॅनच्या ड्रायव्हरला, विचारत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक ड्रायव्हर म्हणाला, हो, आमलीच्या नाक्यावर मी खेरडी-खेरडी ओरडत होतो, एक आजी आली, "ही उद्याची गाडी का?" विचारलं आणि बसली. गळ्यात पास होता, म्हटलं चांगल्या घरची आहे, उतरल्यावर कोणी न्यायला येईल.

रोज चुकणारी गाडी काकूंना त्या दिवशी मिळाली होती.

खेरडीला शेवटच्या थांब्यापासून बरंच आत, एका भातशेतीवाल्याच्या घरी त्या होत्या. त्या घरच्या बाईला वाचता येत नव्हतं, पासचा काही उपयोग झाला नव्हता. तापाने फणफणलेल्या काकूंना तिने स्वतःच्या गोधडीत गुंडाळलं होतं, पेज पाजत होती. पाठकने तिला विचारलं, ओळख ना पाळख, घरात कशी घेतलीत? ती म्हणाली, "आमच्या बांधावर बसलेली होती. मग कुठं बसवायची?" सर तिथेच उभे होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी खडू काढला असता. त्या दिवशी त्यांनी नुसते त्या बाईचे पाय धरले, आणि ती घाबरून मागे सरली.

काकू रात्रभर पावसात भिजल्या होत्या. न्यूमोनियाने फुप्फुसं भरली होती. आठवडाभर दवाखान्यात होत्या. भटू शिफ्टच्या आधी येऊन जाई. शेवटच्या आदल्या दिवशी मी तिथे होतो. काकूंनी डोळे उघडले. "अण्णा, चुकली का रे गाडी?"

रोजचं वाक्य भटूच्या ओठांवर होतं. पण तो उठला. बाहेर जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

काकूंना घरी आणलं. निखिल पहाटेच पोचला होता. खाली तयारी चालू होती तेव्हा फाटकापाशी गलका झाला. भटू आणि वीस-बावीस जण आले होते, काही कंपनीच्या कपड्यांतच. वॉचमन आत सोडत नव्हता, कारण पास नव्हते. पाठक पळत गेला, "सोड रे, सोड त्यांना!"

"थांबा," सर म्हणाले. "नियम तुम्ही केलाय, तो राहू द्या. आपण तिला बाहेर नेऊ."

आणि तसंच केलं. तिरडी फाटकाबाहेर मोरीपाशी आणून ठेवली. पुढचं सगळं तिथेच झालं. आम्हा आतल्यांनाही बाहेर यावं लागलं. बायका आल्या, ठरावाला हात वर केलेले बत्तीसही आले, खेरडीची ती बाई नवऱ्याबरोबर आली. रस्त्यावर सगळे मिसळले. सरांनी एकदा सभोवार पाहिलं आणि मला म्हणाले, "गाव आलं." सुरात समाधान नव्हतं. उशिरा आलेल्या माणसाला आपण म्हणतो ना, आलात का, तसं.

पुढच्या महिन्यांत ते मोरीवर गेले नाहीत. मी वर जाऊन बसायचो. एकदा म्हणाले, "अर्धी हयात एक शब्द शिकलो, खजिनदार, आणि अठ्ठेचाळीस घरांना तो सांगता आला नाही. शब्दात काही चूक नव्हती. माझ्याच सांगण्यात असेल." मी म्हणालो, "सर, लोकच तसे होते." त्यावर एकदम चिडले. "लोक असे, लोक तसे म्हणू नका. लोक म्हणजे कोण कोण, ते आधी सांगा."

हिवाळ्यात निखिलने फ्लॅट विकला. सर पुण्याला निघाले त्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. हातात एकच पास होता, स्वतःचा. काकूंचा मी मागितला नाही. शर्टाच्या खिशात, जिथे खडू असायचा, तिथून निळ्या दोरीचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं.

मी व्हाउचर लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. नावापुढे फ्लॅट नंबरची जागा असते. सरांनी पेन टेकवलं, थांबले. फ्लॅट आता दुसऱ्याचा होता. मग सावकाश, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात त्यांनी लिहिलं, नोट घडी करून खिशात ठेवली आणि खाली गेले. खिडकीतून मी पाहिलं. गाडी मोरीपाशी थांबली होती, सर उतरले नव्हते, काच खाली करून, हात बाहेर काढून त्यांनी कठड्याला टेकवला होता. मग गाडी गेली.

व्हाउचर फाइलला आहे. ओळखपत्राची अनामत परत, एका पासची, रुपये पन्नास फक्त. घेणार: वसंत भामरे, डोकमर्डीकर.